पाणी आले का?

आपल्या भाषेत पाणी 'येते'. पाहुणा येतो, पाऊस येतो, तसेच नळाला पाणी येते. 'पाणी आले का?', 'आज करंगळीएवढेच आले', 'पाणी गेले', 'उद्या येणार नाही म्हणे!' यातल्या एकाही वाक्यात माणूस नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे वाक्यातला कर्ता शोधण्याची खोड अजून गेलेली नाही. या सगळ्या वाक्यांत कर्ता आहे पाणी. जणू ते आपल्या मर्जीने उजनीहून निघते, शंभर किलोमीटर चालते आणि मनात आले तर आमच्या गल्लीत शिरते.

हा विषय डोक्यात घोळायला कारण घडले ते असे. आमच्या नात्यातली एक मुलगी सिव्हिल इंजिनिअर झाली. गुण उत्तम. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची नोकरीही हातात होती. पण तिने जाहीर केले की तिला पर्यावरण अभियांत्रिकी घेऊन एम.टेक. करायचे आहे आणि पुढे पाणी शुद्धीकरणातच काम करायचे आहे. झाले! घरात जणू अरिष्ट कोसळले. "एवढे शिकून पाण्याच्या टाकीवर बसणार?" "स्थळ आले तर काय सांगायचे, मुलगी गटारांचे बघते म्हणून?" एका काकांनी मध्यम मार्ग काढला. म्हणाले, "करायचेच असेल तर आखातातले कर. समुद्राचे पाणी गोड करतात ते. त्यात पैसा आहे, नाव आहे."

मला विचारले गेले. वयामुळे हल्ली मत विचारतात, ऐकतातच असे नाही. तेव्हा मत इथेच सविस्तर मांडते. नात्यातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा फोन करायचे काम वाचेल.

काकांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण त्यात तथ्य आहे. माझा एक जुना विद्यार्थी अशा कामात बरीच वर्षे आखातात आहे. त्याच्याकडून जे ऐकले ते मला एखाद्या पुराणकथेसारखे वाटते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत क्षार चालतात. म्हणजे किती क्षार काढायचे ते पाहा! यासाठी आखातात आधी पाणी उकळून वाफ धरण्याची पद्धत आली. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळते. तोच न्याय वापरून एकामागून एक कमी दाबाच्या दालनांतून गरम पाणी नेतात आणि प्रत्येक दालनात थोडे थोडे पाणी वाफ होऊन वेगळे होते. कुवेतमध्ये पूर्वी शत-अल-अरब नदीचे पाणी गलबतांतून आणून विकत असत. १९५० च्या दशकात तिथे असे कारखाने सुरू झाले आणि गलबतांचा तो धंदा मागे पडला.

दुसरी पद्धत आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात येऊन पोचलेली आहे, ती म्हणजे आरओ. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो. बाहेरचे पाणी सालीतून आतल्या साखरेकडे धाव घेते. आरओमध्ये याच्या उलट करायचे. खाऱ्या पाण्यावर एवढा दाब द्यायचा की पाणी पडद्यातून पलीकडे जाईल आणि क्षार अलीकडेच राहतील. समुद्राच्या पाण्यासाठी हा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या साठ-सत्तरपट लागतो. हे काम व्यवहारात आणणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. यातले सौरिराजन आपल्या भारतात जन्मलेले. आज नव्या प्रकल्पांत हजार लिटर गोडे पाणी करायला तीन-चार युनिट वीज लागते. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे पाणी निघते. बाकीचे आणखी खारट होऊन समुद्रात परत जाते, आणि ते कुठे व कसे सोडायचे हीही एक मोठी विद्या आहे. गंमत म्हणजे असे तयार झालेले पाणी इतके रिकामे असते की ते लोखंडी नळ खाऊ लागते. म्हणून त्यात पुन्हा थोडा चुना वगैरे घालावा लागतो! सौदी अरेबियात समुद्रकाठच्या जुबैलहून असे पाणी चारशे किलोमीटरहून लांब वाळवंटातल्या रियाधला नळाने नेतात.

तो विद्यार्थी एकदा फोनवर म्हणाला, "बाई, इथे गणवेशात दुकानात गेलो तरी लोक मान देतात. यांना ठाऊक आहे की आम्ही चुकलो तर शहर तहानेने मरेल." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. तिथे नदी नाही, विहीर नाही. नळातले पाणी माणसाने केलेले आहे हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. आपल्याकडे पाणी 'येते', त्यामुळे ते करणारा दिसत नाही. जो दिसत नाही त्याला मान नाही, आणि ज्याला मान नाही त्या कामाला कोणी आपली हुशार मुले पाठवीत नाही. माझे मत हे एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण.

आता म्हणाल, सोलापूरचा आणि समुद्राचा काय संबंध? समुद्राचा नाही, पण त्या विद्येचा फार जवळचा आहे. सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून मिळते. उजनी धरणावरून थेट जलवाहिनीने, ते पाकणीला शुद्ध होते. टाकळीजवळ भीमेतून उचललेले, ते सोरेगावला शुद्ध होते. आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावाचे, त्याचे शुद्धीकरण भवानी पेठेत. एकरुख तलाव ब्रिटिश अमदानीतला, दीडशे वर्षांपूर्वीचा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. टाकळीसाठी उजनीतून नदीत पाणी सोडायचे, ते औजच्या बंधाऱ्यात अडवायचे. त्यातले बरेचसे वाटेतच मुरते आणि उन्हाने उडून जाते. समांतर जलवाहिनी हा शब्द तर सोलापुरात इतकी वर्षे ऐकला की नातवंडांच्याही तोंडी बसला. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, पाच दिवसांआड, असे सगळे प्रकार या शहराने भोगले. बायकांनी तर रात्री दोनला उठून भोगले.

पण पाणी किती आणि कधी यावरच आपण भांडतो. कसले, हे फारसे कोणी विचारत नाही. उजनीत भीमा येते, आणि भीमेत पुण्याची मुळा-मुठा आणि तिच्याबरोबर पिंपरी-चिंचवडची पवनाही येते. या मोठ्या शहरांचे पूर्ण शुद्ध न झालेले सांडपाणी आणि कारखान्यांचे काय काय सगळे वाहत उजनीत जमते. उन्हाळ्यात धरण आटले की पाण्याला हिरवट रंग चढतो, वास येतो. पुणेकरांवर माझा राग नाही, निम्मे नातेवाईक तिकडेच आहेत! पण आपण नदीच्या खालच्या अंगाला राहतो ही वस्तुस्थिती आहे. खालच्या अंगाला राहणाऱ्याने वरच्याला बोल लावावा, न्यायालयात जावे, मोर्चे काढावेत, सगळे खरे. तोवर प्यायचे काय?

इतिहासाच्या तासाला मी एक गोष्ट सांगत असे. १८९२ साली जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात कॉलरा पसरला. साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. हँबुर्गला लागूनच आल्टोना नावाचे दुसरे गाव होते. काही ठिकाणी तर रस्त्याच्या एका बाजूला हँबुर्ग आणि दुसऱ्या बाजूला आल्टोना. दोन्ही गावे एल्ब नदीचे पाणी पीत. त्यातही आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गची सगळी घाण पोटात घेतलेले पाणी त्याच्या वाट्याला. तरी आल्टोना जवळजवळ बचावले. कारण काय? आल्टोनाने नदीचे पाणी वाळूच्या थरांतून संथ गाळून मगच गावाला द्यायची सोय केलेली होती. श्रीमंत हँबुर्ग नदीचे पाणी तसेच पाजत होते, गाळण्या बांधायचे काम तिथे रेंगाळले होते. कॉलऱ्याचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी हा फरक साऱ्या जगाला दाखवून दिला. त्या वाळूच्या गाळण्यांची निगा राखणाऱ्यांचा कुठे पुतळा आहे असे माझ्या वाचनात नाही.

सोलापूर हे आजचे आल्टोना आहे. म्हणूनच आपल्याला त्या विद्येतली उत्तम माणसे हवीत, आणि आपण मात्र त्या कामाला 'टाकीवर बसणे' म्हणतो.

या टाकीवर बसणाऱ्याचे काम तरी काय असते ते पाहा. जूनमध्ये पहिला पूर येतो. आदल्या दिवशी नितळ असलेले पाणी रात्रीत चहासारखे होते. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत असतात, म्हणून ते दिवसचे दिवस तळाला बसत नाहीत. तुरटी घातली की त्यांचे हे भांडण मिटते. ते एकत्र येतात, फुटक्या दुधासारखे गोळे होतात आणि खाली बसतात. पण तुरटी किती घालायची? कमी पडली तर गढूळपणा राहतो, जास्त झाली तर नुसती वाया जात नाही, पाण्याचे गुणही बिघडवते. म्हणून सहा काचेच्या भांड्यांत तेच पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीचे वेगळे प्रमाण घालायचे, आधी भराभर आणि मग हळूहळू ढवळायचे आणि कोणते आधी निवळते ते पाहायचे. याला 'जार टेस्ट' म्हणतात. पूर वाढेल, ओसरेल तसे हे पुन्हा पुन्हा करायचे. त्यानंतर वाळूच्या गाळण्या. त्या तुंबल्या की उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायच्या. मग क्लोरीन. ते असे मोजून घालायचे की शहराच्या शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहील.

हा शेवटचा आकडा सोलापूरसारख्या गावात फार महत्त्वाचा. नळाला रोज चोवीस तास पाणी असले तर पाइपात आतून दाब असतो, बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. चार दिवस पाइप रिकामा राहिला की जिथे फट असेल, तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणजे पाकणीला निर्मळ केलेले पाणी आपल्या गल्लीत येईपर्यंत पुन्हा मैले व्हायचा धोका. तेव्हा ते शिल्लक राहिलेले चिमूटभर क्लोरीनच काय तो पहारेकरी! खेड्यात हेच काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडरने करतो. ती पावडर उघडी पडून जुनी झाली तर तिच्यातला जोर निघून जातो. मग विहिरीत नुसती पांढरी भुकटी पडते आणि कागदावर शुद्धीकरण होते. आषाढीला आमच्या जिल्ह्यात, पंढरपुरात, लाखो वारकरी जमतात. एकेकाळी यात्रा म्हटली की पाठोपाठ पटकी आलीच असे समीकरण होते. आज वारी सुखरूप घरी परतते त्यामागे विठ्ठलाची कृपा आहेच. त्या कृपेत टँकरच्या तोंडाशी उभे राहून पाण्याचा पिवळा रंग तपासणाऱ्यांचाही वाटा आहे.

काकांना मात्र यात 'संशोधन' दिसत नाही. त्यांच्यासाठी एक नाव सांगते : डॉ. जे. एन. कर्डिले. महाराष्ट्रातले अभियंते. परदेशात गाळणीमध्ये वाळूच्या वर एका विशिष्ट दगडी कोळशाचा थर देतात. कोळसा हलका आणि जाडसर असल्याने मोठे गोळे वरच अडतात, खालच्या बारीक वाळूवर भार कमी पडतो, गाळणी लवकर तुंबत नाही आणि तेवढ्याच जागेत जास्त पाणी गाळले जाते. असा कोळसा आपल्याकडे सहज मिळत नाही. कर्डिले यांनी त्याऐवजी काय वापरले? नारळाची करवंटी! करवंट्या फोडून, ठरावीक आकाराचा चुरा करून त्यांनी वाळूवर त्याचा थर दिला. गाळणी धुतली की जड वाळू आधी खाली बसते आणि हलकी करवंटी आपोआप वर येते. गोळे जमवायला मोटारीच्या पंख्याऐवजी खडीच्या थरातून पाणी नेले आणि गाळ बसवायला तिरक्या नळ्या वापरल्या. त्यामुळे यंत्रे कमी, जागा कमी, खर्च कमी. १९७० च्या दशकापासून रामटेक, मग जळगाव जिल्ह्यातले वरणगाव, नाशिक जिल्ह्यातले चांदोरी अशा ठिकाणी असे प्रकल्प उभे राहिले. १९८४ साली शुल्झ आणि ओकुन यांनी विकसनशील देशांतल्या जलशुद्धीकरणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यातही या कामाची दखल आहे. देवापुढे फोडलेल्या नारळाची करवंटी आपण बंबात घालतो. तिने गावाचे पाणी गाळता येते हे सुचायला नुसते इंजिनिअर असून भागत नाही, ज्या गावासाठी काम करायचे त्याचा खिसाही ठाऊक असावा लागतो.

नागपूरची 'नीरी' ही संस्थाही आपल्याच राज्यातली. १९५८ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली. काही भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड फार असते. त्याने दात पिवळे पडतात, पुढे हाडे वाकतात. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरकडे हा त्रास आहे. त्यावर नीरीने तुरटी आणि चुना वापरून उपाय काढला. आंध्रात (आताच्या तेलंगणात) नलगोंडा जिल्ह्यात हा त्रास मोठा होता, त्यावरून त्याला 'नलगोंडा पद्धत' म्हणतात. तुरटी आणि चुना, घरात असतात त्या वस्तू! समुद्र गोड करण्याइतकी ही बातमी मोठी वाटत नाही खरी, पण वाकलेल्या हाडांचे मूल ज्या घरात आहे त्या घराला विचारा.

आता आपण या प्रश्नावर काय तोड काढली आहे? ज्याला परवडते त्याने घरात आरओ बसवला, बाकीच्यांनी वीस लिटरचा जार लावला. म्हणजे समुद्राचे पाणी गोड करण्याची विद्या आपण ओट्यावर आणून ठेवली, पण सार्वजनिक नळाकडे पाठ फिरवून. घरचा आरओ एक तांब्या पाणी देताना दोन-तीन तांबे मोरीत सोडतो. चार दिवसांआड पाणी मिळणाऱ्या गावात! बोअरचे पाणी फार क्षारांचे असेल तर आरओ योग्यच. पण धरणाच्या पाण्यात मुळात क्षार कमी असतील तर तो कशासाठी? राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ वापरू नये असा आदेश दिला होता, तो याच कारणाने. ज्यांच्या आवाजाला वजन आहे त्या घरांना आता नळाच्या पाण्याची काळजी उरली नाही. ज्यांना जार परवडत नाही ते नळाचेच पितात, आणि त्यांचे कोणी ऐकत नाही. मला भीती वाटते ती याची. सगळ्यांचे पाणी एकच असते तेव्हाच ते चांगले राहते.

घरच्या मंडळींचे आक्षेप मी टाळणार नाही. "सरकारी खात्यात जागा निघत नाहीत." खरे आहे. "ठेकेदारीत पगार कमी." तेही खरे. "बढती, बदल्या, राजकारण." कोणत्या नोकरीत नाही? माझ्या शिक्षकी पेशात काय कमी होते? पण या क्षेत्रात फक्त नगरपालिकेची नोकरी आहे हा समज मात्र जुना झाला. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० साली आणि नेम्मेलीला २०१३ साली रोज दहा-दहा कोटी लिटर समुद्राचे पाणी गोड करणारे प्रकल्प सुरू झाले. नेम्मेलीलाच २०२४ साली पंधरा कोटी लिटरचा आणखी एक सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पक्कमला अणुवीज केंद्राच्या उष्णतेवर आणि आरओवर मिळून रोज ६३ लाख लिटरचा प्रकल्प उभा केला. मुंबई महापालिकेने मनोरीला रोज वीस कोटी लिटरचा प्रकल्प योजला. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, तेवढे धरणाचे पाणी माणसांना वाचते. ज्याला मंडळी 'गटारांचे बघणे' म्हणतात ते हे! एकदा वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे हे पुढच्या काळातले सर्वांत मोठे काम असणार आहे, विशेषतः आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात. या सगळ्याला आयआयटी पवईपासून व्हीजेटीआयपर्यंत शिकलेली माणसेच लागणार आहेत.

आणि आखातात जाण्याला तरी माझा विरोध कुठे आहे? जावे, शिकावे, पैसा मिळवावा. तिथून परत यायलाच हवे असे मी म्हणणार नाही. तेल्याचे पोर तेलीच व्हावे अशातला तो आग्रह होईल. समुद्रावर शिकलेले इथेही उपयोगी पडते. २००८-०९ साली आखातात समुद्राचे पाणी सूक्ष्म शेवाळ माजून लाल झाले, तेव्हा तिथले कित्येक प्रकल्प बंद ठेवावे लागले आणि मग शेवाळ आधीच कसे अलग करायचे याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. उजनीच्या हिरव्या पाण्यापुढे उभे राहणाऱ्याला ती युक्ती परकी नाही. माझा विरोध आहे तो एकाच गोष्टीला. समुद्र गोड करणारा तो इंजिनिअर, आणि भीमा गोड करणारा तो टाकीवरचा माणूस, या वाटणीला.

आणखी एक गोष्ट बाई म्हणून सांगते. आपल्या घरांतून पाणी भरणे, साठवणे, गाळणे, उकळणे, पुरवून वापरणे पिढ्यान् पिढ्या बायकांनी केले. पाण्याचा वास बदलला तर आधी कळते स्वयंपाकघरात. पण शहराचे पाणी कसे शुद्ध करायचे हे ठरवायची वेळ आली की त्या टेबलाभोवती बायका शोधून सापडत नाहीत. आमच्या घरातली एक मुलगी आपणहून तिथे जाऊन बसते म्हणते आहे. तिला अडवायचे की पाठीवर हात ठेवायचा?

सोलापूर तर अशा कामाला कमी लेखणारे गाव असूच शकत नाही. आमचे ग्रामदैवत कोण? सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातल्या या योग्याने काय केले म्हणून संक्रांतीला अवघे शहर काठ्या मिरवीत त्याच्यापुढे जाते? परंपरा सांगते की त्याने अनुयायांना बरोबर घेऊन तळे खोदले, गावाला पाणी दिले. त्याचे देऊळ आजही त्याच तळ्यात उभे आहे. आठशे वर्षांपूर्वी लोकांनी पाण्याचे काम करणाऱ्याला देव मानले. आज तेच काम करू म्हणणाऱ्या मुलीला स्थळ मिळेल की नाही याची आपल्याला चिंता!

तेव्हा त्या मुलीच्या आईवडिलांना माझे सांगणे असे. तिला एम.टेक. करू द्या. कुठल्या शाखेत जागा निघतात याचा हिशेब तिने केलेला आहे, मी विचारून घेतले. स्थळाचे म्हणाल तर 'मुलगी काय करते?' असे कोणी विचारले की सांगायचे, पाच-दहा लाख माणसांना प्यायला पाणी करून देते. ज्याला यात कमीपणा वाटेल, ते स्थळ आपल्याला नकोच.

आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती. सहली काढताना एखादी सहल पाकणीला किंवा सोरेगावला काढा. रीतसर परवानगी घ्या आणि मुलांना ती सहा काचेची भांडी दाखवा. तुरटीने पाणी निवळताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. पन्नासातल्या एका पोराला जरी वाटले की आपण हे करावे, तरी सहलीचा खर्च वसूल.

वाचकांत कोणी या क्षेत्रात काम करणारे किंवा केलेले असतील तर त्यांनी आपले अनुभव मराठीत जरूर लिहावेत. पुलाखाली कमरेइतक्या पाण्यात उभे राहून व्हॉल्व्ह उघडल्याचे असोत की समुद्रकाठच्या कारखान्यातले असोत. वाचायला मी आहेच, आणि आता आमच्या घरात वाचणारी आणखी एक आहे.